अर्ध्या तिकिटातला सिनेमा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘एखाद्या सालातली आपली आवडती करमणूक’ या विषयावर बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सातवी झाली आणि कांड्या भरायला बसले, ती लग्न होईपर्यंत. भाषण असे कधी केलेले नाही. पण त्या म्हणाल्या, घरी बोलता तसेच बोला. घरी मी फार बोलते असे आमच्याकडे सगळ्यांचे मत आहे, म्हणून उभी राहिले आहे.

साल मी २०२३ घेतले आहे. का ते सांगते.

माझे लग्न २००० साली झाले. पुढच्याच वर्षी ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तुम्ही पुष्कळजणींनी ती पाहिली असेल. मी ती ऐकली. टीव्ही सोप्यात आणि मी आत गॅसपाशी. त्यातल्या सासूचे काम रोहिणी हट्टंगडींचे. भाकऱ्या थापता थापता त्यांचा आवाज इतकी वर्षे ऐकला की झोपेतसुद्धा ओळखीन. कोण रडते आहे, कोण कुणाचे कान भरते आहे, सगळे मला कळे. पण साडी कोणती नेसली आहे ते बघावे म्हणून हात पुसत बाहेर यावे, तो जाहिरात लागलेली! यात कोणाविषयी तक्रार नाही. जेवणाची वेळ आणि मालिकेची वेळ एकच, त्याला कोण काय करणार?

३० जून २०२३ ला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, ‘बाईपण भारी देवा’ हा केदार शिंदे यांचा सिनेमा लागला. आठवड्याभरात गावोगावच्या बायका घोळक्याने, नऊवारी नेसून, डोळ्यांना गॉगल लावून तो बघायला जाऊ लागल्या. आपल्या मंडळातही ठरले. इचलकरंजीत आपल्याला एवढी तिकिटे एकदम मिळेनात, म्हणून कोल्हापूरला जायचे ठरले. त्याच वर्षी १७ मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले होते, त्यामुळे खर्चही सोसण्यासारखा होता. प्रश्न राहिला घरी सांगण्याचा. मी सासूबाईंना म्हटले, “मंडळाच्या बायकांबरोबर अंबाबाईला जाऊन येते.” हे काही खोटे नव्हते. आधी आपण देवीलाच गेलो होतो. पुढचे मी सांगितले नाही, एवढेच.

थिएटरात दिवे गेले आणि पडद्यावर पहिल्यांदा रोहिणीबाई बोलल्या, तेव्हा मला कसेसेच झाले. तो बारा वर्षे ऐकलेला आवाज आणि आज समोर चेहरा, एवढा मोठा! शिवाय अडीच तास मला कोणी पाणी मागितले नाही, की माझा चष्मा कुठे म्हणून विचारले नाही. सुरुवातीला तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या की काय असे वाटून मी दोनदा दचकले. शेजारच्या वहिनींना विचारा.

गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. सहा बहिणी, एकमेकींपासून दुरावलेल्या, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेपायी त्या एकत्र येतात. सगळेच मला पटले असे नाही. त्यांची घरे फार मोठी होती. बाई दुःख सांगत असताना मी तिचा ओटा बघत होते. आणि आमच्यात मंगळागौर पूजण्याची रीत नाही, आमच्या फुगड्या पंचमीच्या आणि गौरीच्या. पण बहिणीचा अबोला सगळ्यांच्यात असतो.

माझी थोरली बहीण जयसिंगपूरला दिलेली. आक्का म्हणते मी तिला. आईच्या तेराव्याला ती सगळ्यांच्या देखत बोलली की आई आजारी असताना मी चार दिवससुद्धा जाऊन राहिले नाही. ते खरे होते. सासूबाईंच्या पायाचे ऑपरेशन त्याच महिन्यात झाले होते. पण पाहुण्यांच्या पुढ्यात? त्या दिवसापासून सहा वर्षे मी तिच्या दारात पाय ठेवला नाही. थिएटरात सगळ्या हसत होत्या तेव्हाही मी रडत होते, ते या कारणाने. सिनेमा एवढा काही दुःखाचा नव्हता.

घरी आले तर सासूबाई दारातच. पोस्टरापाशी काढलेला आपला फोटो माझ्याआधी घरी पोचला होता. म्हणाल्या, “अंबाबाईला गॉगल घालून गेला होता काय?” मी मान खाली घातली. आता बोलणी बसणार असे धरून चालले होते. त्या म्हणाल्या, “मला का नेलं नाहीस?” दुसऱ्या आठवड्यात त्यांना आपल्या गावातच दाखवून आणला. त्या सबंध वेळ खुर्चीत ताठ बसून होत्या आणि मध्यंतरात पाय मोकळे करायलाही उठल्या नाहीत.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. म्हणून आपल्या मंडळाला खेळांच्या तालमीला अख्खा महिना जास्तीचा मिळाला. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, सूप नाचवणे, सगळे बसवले. गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली मध्ये ठेवलेली असे, आणि बसफुगडीत कितीजणी उठता न आल्यामुळे तिथेच बसून राहिल्या, ते मी इथे सांगत नाही. कार्यक्रम १२ सप्टेंबरचा, श्रावणातला शेवटचा मंगळवार.

मी भाच्याच्या फोनवर नुसता दिवस आणि वेळ कळवली. आक्काला फोन करण्याचा धीर झाला नाही.

ती आली. हातात भडंगाची पिशवी. काय बोलावे दोघींनाही सुचेना. मग मीच सिनेमाची गोष्ट काढली, तर म्हणाली, “बघितला की. आमच्या गल्लीतल्या बायकांसंगं. लई रडले मी.” ती आणि मी एकाच महिन्यात, वेगवेगळ्या थिएटरांत, एकमेकींसाठी रडून आलो होतो आणि एकीनेही दुसरीला फोन केला नव्हता! आम्ही फुगडी घातली. पाच-सहा फेरे झाले आणि तिने हात सोडून गुडघा धरला. पण तेवढ्यात ती म्हणाली, “आईचे हात असेच गार असायचे.”

आईच्या आजारपणातले बोलणे आमच्यात अजून निघालेले नाही. मीही काढत नाही. ती दर रविवारी फोन करते, आणि मी त्या वेळी आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसते. घरच्यांना आता सवय झाली आहे.

चिटणीसबाईंना एकच विनंती. पुन्हा सिनेमाची सहल काढाल तेव्हा माझी तिकिटे तीन धरा. सासूबाईंनी आजच सांगून ठेवले आहे, आणि आक्का जयसिंगपुराहून परस्पर कोल्हापूरला येईल.