श्रमाचें अर्थशास्त्र : सिद्धांत आणि हजेरीपट

शेतावर दिवसभर राबणारा मनुष्य बेकार असूं शकतो काय? व्यवहारांत हा प्रश्न विनोदाचा वाटेल. श्रमाच्या अर्थशास्त्रांत मात्र तो मूलभूत आहे. दोघांच्या कामावर घरचे चौघे खपत असतील, तर त्यांतील दोघांची बेकारी डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून तिला प्रच्छन्न बेकारी म्हणतात.

सिद्धांतानें ती ओळखतां येते. मोजण्यासाठीं मात्र बांधावर जावें लागतें. धनंजयराव गाडगीळ यांनीं पुण्याच्या गोखले संस्थेंत हीच शिस्त घालून दिली. सातारा जिल्ह्यांतील वाई तालुक्याच्या शेतीव्यवसायाची पाहणी संस्थेनें १९४० सालीं प्रसिद्ध केली. शेतीचा असा हिशेब मांडतांना घरच्या श्रमाला मोल किती लावावें, हा प्रश्न उभा राहतोच. बाजारची मजुरी धरावी, तर ती देणारें काम उन्हाळ्यांत गांवीं असतें काय?

याचें उत्तर मिळण्याची एक वाट तासगांवीं निघाली. हा तालुका १९४९ पर्यंत साताऱ्यांत होता. पुढें तो सांगली जिल्ह्यांत आला. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या पुढाकारानें तेथें १९६५ सालीं मागेल त्याला अंगमेहनतीचें काम देण्याचा प्रयोग झाला. त्यांतूनच १९७२ सालीं महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. तिच्यासाठीं १९७५ पासून शहरांतील पगारदारही व्यवसायकर भरूं लागले. भर उन्हांत माती वाहण्यास जो येतो, त्याला याहून बरें काम मिळालेलें नाहीं, हें त्याच्या येण्यानेंच सिद्ध होतें. हजेरीपट हेंच बेकारीचें माप झालें.

तथापि हें मापही फसवूं शकतें. १९८८ सालीं योजनेवरील मजुरी दुपटीच्या घरांत गेली, आणि हजेरी घटली. नुसते आंकडे पाहणारा म्हणेल, गरज ओसरली. सिद्धांत सांगतो, मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढावयास हवेत. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम् चौधुरी यांनीं १९९३ सालीं दोहोंची सांगड घातली. मागणी घटली नव्हती. काम देणारा हात आंखडला होता, हाच त्यांच्या अभ्यासाचा रोख होता.

हजेरीपटावर कामाला लागलेल्यांचींच नांवें असतात, परत पाठविलेल्यांचीं नसतात. त्या न लिहिलेल्या नांवांचा संशय सिद्धांतानें घ्यावा, आणि शोध पाहणीनें लावावा. करदात्यानेंही खर्चाबरोबर तेवढें विचारावें.