‘आलम आरा’ खरोखर जळाला काय?



इंटरनेटवर वारंवार फिरणारी एक कहाणी अशी : भारताच्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, शेवटची प्रत २००३ साली पुण्यातील आगीत भस्मसात झाली. कहाणी करुण आहे, तिला साल आहे, ठिकाण आहे. म्हणूनच ती पडताळून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आग मात्र खरी होती. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्या जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींचा साठा जळाला आणि मोठी हानी झाली. पण त्यात ‘आलम आरा’ नव्हताच. संग्रहालयाची स्थापना १९६४ ची. त्याच्या उभारणीत आयुष्य वेचणारे पी. के. नायर सांगत असत, की हा बोलपट तेथे कधी आलाच नाही. निर्माते आर्देशिर इराणी यांना ते वृद्धापकाळी भेटले, तेव्हा काही रिळे असतील असे इराणी म्हणाले. निघताना मुलाने हळूच सांगितले : ती रिळे चांदी काढून केव्हाच निकालात काढली.

फितीवरील प्रतिमा चांदीच्या कणांनी घडलेली असते. चित्रपटाची कमाई संपली, की चांदीचीच किंमत उरे. आगीपेक्षा हे उत्तर अधिक बोचते, कारण येथे दैवाला बोल लावता येत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेल्या या बोलपटाचे चित्रीकरण बहुतांशी रात्री झाले. स्टुडिओ रेल्वेमार्गाजवळ होता आणि गाड्या थांबल्यावाचून शांतता मिळत नसे. इतक्या सायासाने टिपलेला तो आवाज आज ऐकायला मिळत नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. त्याच नावाचा १९७३ चा चित्रपट मूळ समजून पाहणारेही आहेत! पुढच्याच वर्षीचा प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मात्र सुदैवाने आजही पाहता येतो.

अफवेचे नुकसान असे, की जळालेली वस्तू कोणी शोधत नाही. बंद पडलेल्या एखाद्या थिएटरच्या माळ्यावरचा गंजलेला डबा न उघडताच भंगारात जातो. तो उघडणाऱ्याने मात्र काडेपेटी दूर ठेवावी. नायट्रेट क्षणात पेट घेते.