कोरा रकाना आणि शून्य

पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत पाच दिवसांचे आकडे आहेत असे समजू: १२, ०, कोरा रकाना, ८ आणि २० मिलिमीटर. शून्य म्हणजे मापक पाहिले, पाऊस नव्हता. कोरा रकाना म्हणजे मापक पाहिलेच गेले नाही. हा भेद संगणकाला सांगितल्यावाचून कळत नाही. कोऱ्या जागी शून्य धरले तर सरासरी ८ येते. तो दिवस वगळला तर १०. टंचाईचा निर्णय याच सरासरीवर व्हावयाचा असेल, तर हे दोन मिलिमीटर क्षुल्लक नव्हेत. कित्येक जण तेथे उणे ९९ हा खुणेचा आकडा घालतात. तो गणितात राहून गेला तर सरासरी पाऊस उणे ११.८ मिलिमीटर! ही चूक हास्यास्पद असल्यामुळे निदान सापडते तरी. शून्याची चूक सापडत नाही.

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकात रचलेल्या ‘आर’ या संगणकभाषेत कोऱ्या रकान्यासाठी ‘एनए’ ही स्वतंत्र खूण आहे. ती असली की बेरीजही ‘एनए’च येते, तो दिवस वगळावयाचा तर तसे स्पष्ट सांगावे लागते. नवशिक्याला ही अडवणूक वाटते. ‘एनए’ आणि ‘एनए’ समान आहेत काय, या प्रश्नालाही उत्तर ‘एनए’च. दोन अनोळखी माणसांची वये सारखी आहेत काय, हे तरी कोण सांगणार?

याहून फसवी गोष्ट प्रकारांची. कोऱ्या जागी कोणी ‘नोंद नाही’ असे शब्द लिहिले, की सबंध रकाना अक्षरांचा ठरतो. २०२० मधील चौथ्या आवृत्तीपूर्वी ‘आर’ अशा रकान्याचे आपण होऊन वर्ग पाडीत असे. त्याचे घाईने पुन्हा आकडे केले, तर पावसाऐवजी वर्गांचे अनुक्रमांक हाती येतात. अक्षरक्रमाने ‘२०’ हे ‘८’च्या आधी लागते, म्हणून ८ चे ४ होतात, २० चे ३, आणि ‘नोंद नाही’चे चक्क ५! संगणक इशाराही देत नाही.

मग १० ही सरासरी तरी खरी काय? डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये हाच मुद्दा मांडला: नोंद का नाही, हे आधी विचारावे. निरीक्षक आजारी होता तर दिवस वगळल्याने फारसे बिघडत नाही. परंतु ओढ्याला पूर आल्यामुळे त्याला मापकापर्यंत जाताच आले नसेल, तर वगळलेला दिवस बहुधा सर्वांत मोठ्या पावसाचा होता.