शहाणं झालेलं लेकरू

मुकुटबनच्या आसपास कापूस बुडाला की कर्जाचा हिशेब होतो. घरातल्या लेकराच्या मनाचा होत नाही. शेतकरी बाप जीव देतो, आणि दहा वर्षांचं पोर हट्ट सोडतं, खेळ सोडतं. आपण म्हणतो, 'किती शहाणं झालं!' ते शहाणपण नसतं, गिळलेलं दुःख असतं. झोप उडणं, विनाकारण पोट दुखणं, चिडचिड, अभ्यासावरून मन उडणं ही त्या दुःखाची बोली.

यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू झाला. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. गरज पडली तर जरूर फिरवा. पण आधी लेकराजवळ बसा. 'रडू नको' म्हणू नका. 'बाबाची आठवण येते का रे?' एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.