काटा सरळ कोणी धरायचा?



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. आम्ही सातवीपुढे शाळा पाहिली नाही. पुढले वाचन हमालांच्या युनियनच्या कचेरीत, रात्री दिव्याखाली झाले. तेव्हा भ्रष्टाचारावर आम्ही पोथी सांगणार नाही, बाजारातल्या काट्याविषयी बोलणार आहोत.

हा विषय वऱ्हाडाला परका नाही. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली आपल्या कारंज्यास सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. परवान्याचे दलाल व मापारी, ठरलेली दलाली, तपासलेली वजने ही कल्पना इथे रुजली. तो शेतकऱ्याच्या कळवळ्याने झाला असे मात्र कोणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस हवा होता. कमिटीतही व्यापाऱ्यांचाच वरचष्मा असे. ज्याच्यासाठी नियम, त्याचाच डोळा त्यावर नसेल तर नियम कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जगातही निराळे नाही. लॉकहीड या विमानकंपनीने परदेशांत लाच दिल्याचे उघड झाले, आणि १९७६ साली जपानचे माजी पंतप्रधान तनाका यांस अटक झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशी अधिकाऱ्यांस लाच देणे गुन्हा ठरवला. २००८ साली जर्मनीच्या सीमेन्स कंपनीस अमेरिका व जर्मनी मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. पण २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनीच त्या कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबविण्याचा हुकूम काढला. म्हणजे कायदा आहे एवढ्यावर निजून चालत नाही.

आपल्याकडे २०१८ साली कायदा बदलला. आता लाच देणाराही गुन्हेगार आहे; मात्र ज्यास ती द्यावयास भाग पाडले, त्याने सात दिवसांत पोलिसांस किंवा तपासयंत्रणेस कळविले तर त्यास संरक्षण आहे. एखाद्या कंपनीसाठी तिच्या माणसाने लाच दिली, तर कंपनीही जबाबदार. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था आपण केली होती, हे तिला दाखवावे लागते.

हे वाचले तेव्हा आम्हांस कंपन्या आठवल्या नाहीत, आमची युनियन आठवली.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बाजारात कापसाच्या काट्यावर एक मापारी गाडीमागे चार किलो कमी लिहिताना सापडला. तो आमचाच सभासद. घरी आजारी आई, तीन पोरे. आम्ही चौकशीत त्याच्या बाजूने उभे राहिलो. साक्षीत खोट काढली आणि त्यास सोडविले. बाहेर येताच लोकांनी आमच्या नावाचा जयजयकार केला. ज्याचा कापूस मारला गेला तो म्हातारा शेतकरी जुवावर हात ठेवून उभा होता. तो एवढेच म्हणाला, "भाऊ, तुमची युनियन मोठी, पण माझी कोणती?"

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. व्यापाऱ्याचा कडता आम्ही चोरी म्हणत होतो, आणि आपल्या माणसाच्या चार किलोंना गरिबी म्हणत होतो.

पुढल्या सभेत आम्ही ठराव मांडला: वजनात हात मारणाऱ्याची वकिली युनियन करणार नाही, वजनाची पावती शेतकऱ्याच्या हातात पडल्याखेरीज गाडी हलणार नाही, आणि युनियनचा हिशेब दर महिन्यास सर्वांसमोर मोठ्याने वाचला जाईल. ठराव थोड्या मतांनी पास झाला. कित्येक सभासद सोडून गेले, त्यांत काही आमचे जिवलग होते. त्यातला तो मापारी अद्याप आमच्याशी बोलत नाही. त्याचे दुःख आम्हांस आहे. ठरावाचा पश्चात्ताप नाही.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आपण लिहून ठेवावा. पण तो फिरविण्याआधी आपल्या दुकानाचा, संस्थेचा, मंडळाचा हिशेब एकदा मोठ्याने वाचून पाहावा. जिथे आवाज अडखळेल, तिथून कामास आरंभ करावा.