आधी दगड, मग गूळ



मघाशी आठवीच्या मुलांनी मुक्ताईचा प्रवेश सादर केला. कुणाच्या तरी बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबा ताटी लावून आत बसले आहेत आणि बाहेर धाकटी बहीण त्यांची विनवणी करते आहे. ताटी म्हणजे काय, तर कामट्यांचं साधं दार. मुक्ताईने खांदा लावला असता तरी ते उघडलं असतं. पण ती ढकलत नाही, बोलत राहते. दुखावलेल्या मनाचं दार आतूनच उघडावं लागतं, हे त्या लहान मुलीला कळलं होतं.

आणि त्या भावंडांनी काय कमी सोसलं होतं? संन्याशाची पोरं म्हणून त्यांना वाळीत टाकलेलं, आईवडिलांचं छत्र लवकर हरपलेलं. तरीही १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानोबांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावो, एवढंच मागितलं.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, आणि धाकट्या काकांचं बांधावरून बिनसलं. दर नांगरटीला बांध थोडा थोडा कोरला जायचा. दोन घरांत एकच भिंत, पण आठ वर्षं बोलणं बंद. रात्री जेवायला बसलो की दादांचा विषय ठरलेला. घास हातातच राहायचा आणि ते काकांबद्दल बोलत राहायचे. जमीन गेली होती जेमतेम दीड गुंठा, पण त्या दीड गुंठ्याने आमचं अख्खं घर व्यापलं होतं.

शेवटी दादांनी सरकारी मोजणी मागवली. हद्द कायम झाली, दगड रोवले गेले. त्याच संध्याकाळी दादा माझा हात धरून काकांच्या ओट्यावर जाऊन बसले. आईने नव्या गुळाची ढेप बरोबर दिली होती. काकांनी माफी मागितली नाही, दादांनी मागायला लावली नाही. चहा झाला, आम्ही परत आलो. त्या रात्री कित्येक वर्षांनी दादा जेवताना पावसाबद्दल बोलले.

काकांनी पुढेही कधी माफी मागितली नाही. पण आमच्या ताटापुढून ते भांडण उठून गेलं. दादांनी आधी दगड रोवला आणि मग गूळ नेला, हा क्रम मी जन्मभर विसरलो नाही.

दगड आणि गुळाची हीच जोड मला एका फार मोठ्या दुःखातही दिसली. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात जमावाने एक गाडी पेटवली. आत कुष्ठरुग्णांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं झोपली होती. फिलिप १० वर्षांचा, टिमथी ६ वर्षांचा. तिघंही गेले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी नवऱ्याच्या आणि मुलांच्या मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, आणि शिक्षेचं काम कायद्यावर सोपवलं. मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. ग्लॅडिस तेव्हाच मायदेशी, ऑस्ट्रेलियाला परतल्या असत्या, तर कुणी त्यांना नावं ठेवली नसती. पण मुलगी एस्थरला घेऊन त्या ओडिशातच, बारीपद्याला राहिल्या आणि पुढची काही वर्षं त्याच कुष्ठरुग्णांची देखभाल करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनो, आवळलेल्या मुठीने कुणाच्या जखमेवर पट्टी बांधता येत नाही. क्षमेचं बळ म्हणतात ते हेच. हात पुन्हा कामाला मोकळे होतात.

पण एक गोष्ट नीट ऐका. क्षमा म्हणजे सोसत राहणं नव्हे. कुणी रोज तुमचा डबा हिसकावत असेल, मोबाईलवर तुमचा फोटो फिरवून टवाळी करत असेल, अंगाला नको तसा हात लावत असेल, तर गप्प बसू नका. त्याच दिवशी बाईंना, सरांना, आईला सांगा. कुणाला सांगायचं सुचलं नाही, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. हा तुमचा हद्दीचा दगड आहे. तो आधी रोवायचा.

आणि पालकहो, शिक्षकहो, आपल्यालाही एक विनंती. रडणाऱ्या मुलाला लगेच "जाऊ दे, हात मिळव" म्हणू नका. आधी त्याचं ऐकून घ्या, त्याच्यावर अन्याय झाला आहे हे मान्य करा. मनातून उमटायच्या आधी हात मिळवायला लावणं म्हणजे ताटी ढकलणं आहे. मुक्ताईने ती ढकलली नव्हती.

थोड्या वेळाने आपण सगळे मिळून पसायदान म्हणू. ते म्हणताना ज्याचं नाव तुमच्या मनात अजून सलतं, त्याला क्षणभर आठवा. ताटी आजच उघडली पाहिजे, असं मुळीच नाही. कडी कुठे आहे, एवढं फक्त चाचपून ठेवा. ती तुमच्याच बाजूला आहे.