जाळं फाटलं तर शिवायचा हक्क कुणाचा?

(उत्तन इथे तरुण मुलामुलींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला सांगितलं गेलं, तू कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पोरगी, ओपन सोर्समध्ये कशी शिरलीस ते बोल. बोलते. पण यशोगाथा सांगायला मी आलेली नाही. यशोगाथा पेपरवाले छापतात. बाप बोटीवर, आई बोंबील सुकवते, आणि पोर बघा कुठं पोचली! वाचणारा चहाबरोबर वाचतो, गहिवरतो, अन् पेपर रद्दीत टाकतो. त्यानं कुणाचं काही हललेलं नाही. मला हक्काबद्दल बोलायचंय.

आधी ही ओपन सोर्स काय भानगड आहे ते बघू. समजा, भाईंदरच्या बाजारातून तुम्ही जाळं आणलं. दुकानदार म्हणाला, जाळं वापरा, पण फाटलं तर शिवायचं नाही. गाठ कशी मारलीय ते उसवून बघायचं नाही. शेजाऱ्याला द्यायचं नाही. शिवायचं असेल तर माझ्याकडे आणा, मी सांगेन ते पैसे मोजा. आणि माझं दुकान बंद पडलं तर तुमचं नशीब. असल्या दुकानदाराचं आपल्या बायांनी काय केलं असतं, ते इथं सांगायला नको.

पण सॉफ्टवेअर विकत घेताना हीच अट आपण रोज मान्य करतो. 'आय ॲग्री' वर बोट दाबतो अन् मोकळे होतो. माणूस प्रोग्राम लिहितो तो वाचता येईल असा लिहितो, त्याला सोर्स कोड म्हणतात. यंत्राला देताना त्याचं रूपांतर होतं, ते माणसाला वाचता येत नाही. विकणारा आपल्या हातात फक्त ते दुसरं ठेवतो. पहिलं तिजोरीत. म्हंजे जाळं दिलं, पण गाठीची विद्या राखून ठेवली. विद्या राखून ठेवणाऱ्यांची या देशाला नवी ओळख करून द्यायला नको!

या राखणदारीला नाही म्हणणारी माणसंही निघाली. १९७६ च्या फेब्रुवारीत वीस वर्षांच्या बिल गेट्सनं हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं, की तुम्ही आमचा प्रोग्राम एकमेकांना वाटता ही चोरी आहे. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या प्रोग्रामरला छपाईयंत्राचा कोड हवा होता. कागद अडकला की सगळ्यांना कळावं, एवढीच सुधारणा त्याला करायची होती. कोड मिळाला नाही. २७ सप्टेंबर १९८३ ला त्यानं जाहीर केलं, की मी अख्खी प्रणाली नव्यानं लिहितो आणि सगळ्यांना मोकळी देतो. तिचं नाव ग्नू. १९८९ मध्ये त्यानं तिच्यासाठी परवाना लिहिला, जीपीएल. त्याचा मथितार्थ चार वाक्यांत सांगते. चालवा. वाचा आणि बदला. दुसऱ्याला द्या. बदललेलंही द्या. आणि पाचवी मेख अशी, की देताना घेणाऱ्यालाही हेच हक्क द्यायचे, वाटेत कुणी कुलूप घालायचं नाही.

२५ ऑगस्ट १९९१ ला फिनलंडमधल्या एका एकवीस वर्षांच्या कॉलेजकुमारानं, लिनस टोरवाल्ड्सनं कळवलं, की छंद म्हणून मी एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय. १९९२ मध्ये त्यानं ती जीपीएलखाली आणली. तेच लिनक्स. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात ते आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक झाडून सगळे लिनक्सवर चालतात. 'ओपन सोर्स' हे नाव मात्र १९९८ चं. 'फ्री' म्हटलं की धंदेवाले बिचकत होते, म्हणून नाव बदललं. स्टॉलमनला ते पटलं नाही. तो म्हणतो, हा स्वातंत्र्याचा प्रश्न आहे, सोयीचा नाही. नावावरून भांडण का, असं काहींना वाटेल. ज्यांची नावं दुसऱ्यांनीच ठेवली, त्यांना तरी हे भांडण कळायला हवं.

आता माझं. मी इंजिनिअरिंगला गेले तेव्हा जुना, दुसऱ्याच्या हातचा लॅपटॉप घेतला. त्यावरची विंडोज चोरीची, सगळ्यांचीच असते. ती इतकी रांगायची, की प्रोग्राम लावून बस पकडायला जावं. वर्गातल्या एकानं लिनक्स टाकून दिलं. फुकट होतं म्हणून घेतलं, तत्त्व वगैरे काही नाही. गरिबाचं तत्त्व बहुतेक वेळा खिशातूनच सुरू होतं, त्यात लाजायचं काय?

कॉलेजात प्रॅक्टिकल म्हंजे जर्नल. मागच्या वर्षीच्याचं उतरवा, सही घ्या, संपलं. सोर्स कोड म्हंजे परीक्षेत लिहायची गोष्ट, हीच समजूत. ती मोडली एका मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत. तिथल्या जुन्या मराठी फाइली नव्या कॉम्प्युटरवर उघडत नव्हत्या. उघडायच्या, पण अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा खच. सभासदांच्या याद्या, कर्जाचे हिशोब, ठराव, सगळं समोर आणि काही म्हणता काही वाचता येत नाही.

कारण सांगते. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरवाल्याचा आपापला फॉन्ट अन् आपापले गुप्त क्रमांक. आत इंग्रजी अक्षर साठवायचं, वर मराठीचं चित्र चिकटवायचं. फॉन्ट गेला की चित्र गेलं. कित्येक सॉफ्टवेअरांना वर कुलूप म्हणून एक डोंगल मिळायचं. ते कॉम्प्युटरला लावल्याशिवाय प्रोग्राम हलायचा नाही. इथलं डोंगल हरवलेलं. म्हंजे सोसायटीचा इतिहास सोसायटीच्या मालकीचा नव्हता, डोंगलच्या मालकीचा होता. याला मी चोरी म्हणते. गेट्सनं ज्याला म्हटलं ती नव्हे, ही.

शोधता शोधता कुणीतरी मोकळा सोडलेला एक छोटा प्रोग्राम मिळाला. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा. चालवला. ऐंशी टक्के मजकूर जिवंत झाला. पण 'ऱ्य' सगळीकडे बिघडलेला. 'वाऱ्यामुळे', 'किनाऱ्यावर', 'कर्मचाऱ्यांना' सगळं मोडकं. 'दऱ्या' लिहिलेलं असेल तिथं 'दर्या' येई. आता दऱ्या डोंगरात असतात आणि दर्या आपल्या दारात आहे. हिंदीवाल्याला हा फरक लागत नाही, तो कशाला बघेल? मराठी माणसानंच बघायला हवं होतं.

परवान्यात लिहिलं होतं, बदला. म्हणून उघडला. आत एक लांबलचक कोष्टक, डावीकडे जुनं चिन्ह, उजवीकडे नवं अक्षर. 'ऱ्य' साठी टिंबाचा ऱ, मग हलन्त, मग य, असा क्रम लागतो. ती ओळच नव्हती. मी ती घातली. दोन-चार ओळींचं काम. सोसायटीचे कागद वाचता आले. मग तो बदल मूळ लिहिणाऱ्याला पाठवला. दोन महिने उत्तर नाही. तिसऱ्या महिन्यात स्वीकारला. बदलाच्या नोंदीत माझं नाव, तारीख, काय बदललं ते. ही नोंद ठेवणारं गिट नावाचं हत्यारही टोरवाल्ड्सनंच २००५ मध्ये लिहिलेलं. पदवी नव्हती, ओळख नव्हती, शिफारसपत्र नव्हतं. परवाना होता. हाच माझा प्रवेश. याच्यापेक्षा मोठं काही घडलं नाही.

मग कळलं, की ही वाट आपल्याच माणसांनी आधी तुडवलीय. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधले प्राध्यापक जितेंद्र शहा आणि त्यांच्या इंडिकट्रान्स गटानं 'गार्गी' हा देवनागरी युनिकोड फॉन्ट जीपीएलखाली मोकळा दिला. पुण्यात रेड हॅटच्या लोकांनी 'लोहित' फॉन्ट सांभाळले, मराठीचे ल आणि श मराठी वळणाचे ठेवले. मुंबईच्या कृष्णकांत माने यांना डोळ्यांनी दिसत नाही. त्यांनी ग्नूखाता हे हिशोबाचं मोकळं सॉफ्टवेअर उभं केलं. पवईच्या आयआयटीत कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल तयार झाली, त्यांतली पुष्कळशी मराठीतही आहेत. यांच्यातलं कुणी आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. तिथं कोण असतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता दुसरी बाजू. मी काही इथं लिनक्सचा कथेकरी म्हणून बसलेली नाही.

म्हणतात, कोड आडनाव विचारत नाही. खरंय, कोड नाही विचारत. कोड तपासणारा माणूस विचारू शकतो, नोकरी देणारा विचारतोच. म्हणतात, दार सगळ्यांना उघडं आहे. दार उघडं आहे, पण दारापर्यंत यायला रात्रीचे तीन तास रिकामे लागतात, इंग्रजी लागतं, नेट लागतं, चालता लॅपटॉप लागतो. भाईंदरहून बसनं घरी येऊन, घरातलं काम आटपून, मग फुकटात कोड लिहायचा? कोण लिहील? ज्याच्या घरी भाकरीची काळजी दुसरं कुणीतरी करतं तो. आणि मग मुलाखतीत विचारायचं, तुमचं ओपन सोर्सचं काम दाखवा. दाखवता आलं नाही की म्हणायचं, गुणवत्ता नाही. रिकाम्या वेळेला गुणवत्ता म्हणायची ही नवी चलाखी आहे, ती ओळखून ठेवा.

कंपन्यांचं बघा. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचा स्टीव्ह बामर लिनक्सला कॅन्सर म्हणाला. २०१८ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टनं गिटहब साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलं. कॅन्सर विकत घेत नाहीत. फुकट मेहनतीचा साठा विकत घेतात. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघडकीला आली. बँका, दुकानं, सरकारं, इंटरनेटवरचा मोठा कारभार त्याच्या भरवशावर. ते सांभाळायला पूर्ण वेळ माणूस एक, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये चोरदार सापडलं. वर्षानुवर्षं एकटा सांभाळणारा माणूस थकला होता, मदतीला म्हणून आलेल्यानंच घात केला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद उशीर का होतो याचा छडा लावायचा होता, म्हणून तो पकडला गेला. कोड उघडा होता म्हणून सापडला, हे खरं. आणि एकट्या माणसावर सगळं लादलं होतं म्हणून शिरला, हेही तितकंच खरं.

मग करायचं काय? दाराला शिव्या देत बाहेर बसायचं? नाही. शिरायचं, पण एकेकट्यानं नाही आणि आंधळेपणानं नाही.

एक. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक लॅपटॉप, पाच जणं. एकाकडे वेळ नाही, पाचांकडे मिळून आहे. इंग्रजी अडलं तर ज्याला येतं तो सांगेल. जाळं शिवायला आपण एकत्र बसतो, कोड वाचायला का नाही?

दोन. सुरुवात मराठीपासून. भाषांतर तपासा, मोडलेलं अक्षर कळवा, अर्थ न लागणारी सूचना सोपी करून पाठवा. हे काम आपल्याशिवाय दुसरं कुणी नीट करणार नाही.

तीन. परवाना वाचल्याशिवाय एक ओळ द्यायची नाही. आपलं काम कोण घेणार, कुलूप घालू शकणार की नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

चार. पैसे मिळत असतील तिथं पैसे घ्या. गूगलचं समर ऑफ कोड २००५ पासून मानधन देतं. २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याचीही अट नाही. आउटरीची हा उपक्रम या क्षेत्रात डावललेल्यांसाठीच आहे, तोही मानधन देतो. फुकट राबण्यात पुण्य आहे असं सांगणारा बहुधा स्वतः पगारावर असतो.

आणि पाचवी गोष्ट इथल्या, उत्तनच्या कामाची. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांनी मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायची देशव्यापी योजना सुरू केली. तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटी. वादळाचा इशारा मिळेल, संकटात निरोप जाईल. चांगलं आहे, जीव वाचतील. पण त्याच डब्यामुळे आपली बोट कुठं आहे हेही दुसऱ्या कुणाला कळणार. ती माहिती कोण ठेवणार, किती दिवस ठेवणार, कुणाला देणार? डबा काय करतो हे सांगणारा कोड आपल्यातल्या कुणाला वाचता येणार की नाही?

हा प्रश्न विचारायला आधार आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या धोरणात लिहिलंय, की सरकारी ई-प्रशासनात ओपन सोर्सला पसंती द्यावी. त्याच वर्षी सरकारी ॲप्लिकेशनांचा कोड खुला करायचंही धोरण झालं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपये फी. अर्जाचा मसुदा मी मराठीत करून आणलाय, युनिकोडमध्ये, कुठल्याही डोंगलशिवाय उघडतो. आज इथून उठायच्या आधी तो वाचा, खाडाखोड करा, तुमचे प्रश्न त्यात घाला. ज्याच्या घरची बोट आहे त्यानं सही करावी.

चला, कागद पुढे सरकवा.